क्रँकचं बेअरिंग पुन्हा पुन्हा का जातं? मातीत पळणाऱ्या टू-स्ट्रोकचं समस्या निवारण

फुल इंजिन झालं, म्हणजे सगळं उघडून नव्याने बांधलं. क्रँकची (पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याची) दोन्ही बेअरिंगं नवी, रॉड किट (पिस्टन क्रँकला जोडणारा रॉड) नवी, ऑइल सीलं नवी. दहा-बारा तास गाडी पळते आणि फूटरेस्टमधून पुन्हा तीच घरघर जाणवायला लागते. चेंबर (क्रँक ज्यात बसतो ते दोन अर्ध्यांचं कवच) परत उघडायचं, बेअरिंगं परत टाकायची, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. यामाहाच्या आरएक्स १०० आणि आरएक्स १३५ मातीत पळवणाऱ्यांचं हे नेहमीचं गाऱ्हाणं आहे. तसं ते एका सिलिंडरच्या कुठल्याही टू-स्ट्रोक डर्ट बाइकला लागू पडतं, पण आरएक्समध्ये जास्त दिसतं याला कारण आहे. आरएक्स १०० चं उत्पादन १९९६ मध्येच थांबलं. तेव्हापासून आजवर ही चेंबरं किती वेळा आणि कशाकशाने उघडली गेली असतील, याचा हिशेब कुणाकडे नसतो.

दोष बहुतेक वेळा मालावर टाकला जातो. "हल्ली बेअरिंगं डुप्लिकेट येतात." येतातही. पण दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच होत असेल तर कारण चेंबरमध्ये, क्रँकमध्ये नाहीतर बसवणाऱ्या हातात असतं. जुनं बेअरिंग हा त्याचा पंचनामा. तो न वाचता भंगारात टाकला की नवं बेअरिंगही त्याच वाटेने जातं.

आवाज त्याचाच आहे ना?

उघडण्याआधी दहा मिनिटं द्या. प्लग काढा, मॅग्नेटचं (क्रँकच्या टोकावरच्या चुंबकी चाकाचं) कव्हर काढा, मॅग्नेट दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून बघा. चांगल्या बेअरिंगमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, मायक्रॉनमध्ये (मिमीच्या हजाराव्या भागात) असतो, तो हाताला सहसा लागत नाही. स्पष्ट 'टक' लागला तर बेअरिंग गेलं किंवा ते घरात, म्हणजे चेंबरमधल्या त्याच्या बसायच्या भोकात, सैल झालं. क्रँक आडवा, म्हणजे डावी-उजवीकडे, किंचित सरकला तर घाबरू नका, तेवढं अंतर असावंच लागतं. मग मॅग्नेट काढून आतली बाजू आणि कॉइलच्या पत्र्यांची टोकं बघा. एकाच ठिकाणी घासून चकाकी आली असेल तर क्रँक फिरताना जागा सोडतोय.

आवाजांची ओळख अशी. क्रँकचं बेअरिंग घरघरतं, आरपीएमबरोबर सूर चढतो आणि थ्रॉटल सोडली तरी आवाज राहतो. बिग एंड, म्हणजे रॉडचं क्रँककडचं टोक, ठोका देतो, तोही लोड घेताना. पिस्टनची खडखड थंड इंजिनात जास्त, तापल्यावर कमी. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर आधी क्लच बास्केट आणि प्रायमरी गिअर तपासा, खालचं इंजिन उघडायची घाई नको. बिग एंडची खात्री सिलिंडर काढूनच होते: पिस्टन सगळ्यात वर आणून रॉड सरळ वर-खाली ओढायचा. आडवा हलणं चालतं, उभा प्ले अजिबात नको.

सीलही बोलतात. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं की बाहेरची हवा आत शिरते, आयडलिंग आपोआप चढतं, प्लग पांढरा पडतो. क्लचच्या बाजूचं गेलं की गिअरचं ऑइल चेंबरमध्ये ओढलं जातं, धूर वाढतो आणि ऑइलची पातळी उतरते. नवं सील महिन्याभरात गेलं असेल तर सीलला दोष देऊ नका, डगमगणाऱ्या क्रँकने ते खाल्लंय.

जुनं बेअरिंग वाचायचं

बेअरिंग काढलं की रॉकेलमध्ये धुवा. कंप्रेसरच्या हवेने छर्रे भिंगरीसारखे फिरवायची सवय सोडा, कोरडं बेअरिंग तिथेच खरवडतं. मग छर्रे धरून ठेवणाऱ्या पिंजऱ्याच्या रिवेटी ग्राइंडरने उडवा, पिंजरा काढा, सगळे छर्रे एका बाजूला गोळा करा, आतली रिंग सरकवून मोकळी करा. डोळ्यांवर चष्मा हवाच, बेअरिंगचं पोलाद कडक असतं आणि त्याचा तुकडा गोळीसारखा सुटतो. ६२०५ सारख्या बेअरिंगमध्ये सहसा नऊ छर्रे निघतात. उजेडात धरून रिंगांवरची वाट बघा, म्हणजे छर्रे ज्या पट्ट्यावरून पळाले तो मंद चकाकणारा पट्टा.

पट्टा खोबणीच्या मधोमध, अरुंद आणि सारखा असेल तर बेअरिंग नीट बसलं होतं, ते आयुष्य संपून गेलंय. असं क्वचितच दिसतं.

छर्र्यांच्या अंतरावर, ओळीने, खोबणीच्या एका कडेकडे सरकलेले बारीक खळगे दिसले तर ते हातोड्याचे ठसे. बेअरिंग घरात बसवताना आतल्या रिंगवर ठोकलं, किंवा क्रँक घालताना चेंबर आपटलं. दोन्हीकडे मार छर्र्यांमधून गेला. अशी रिंग पहिल्या किकपासूनच घरघरते, आणि "नवं आहे, रुळेल" म्हणून ती तशीच पळवली जाते.

दोन्ही बेअरिंगांमधला पट्टा एकमेकांच्या उलट कडांना सरकलेला असेल तर क्रँक चेंबरच्या दोन अर्ध्यांमध्ये चेपला किंवा ताणला गेला होता. बाहेरच्या रिंगवर पट्टा तिरका, एका बाजूला वर आणि समोरच्या बाजूला खाली असा असेल तर बेअरिंग घरात वाकडं बसलंय किंवा दोन्ही घरं एका रेषेत नाहीत. तोच तिरकेपणा आतल्या रिंगवर दिसला तर क्रँक आऊट आहे, म्हणजे सरळ फिरत नाही. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. बाहेरची रिंग चेंबरचं सांगते, आतली क्रँकचं.

निळा-तपकिरी रंग म्हणजे ताप, ऑइल कमी पडलं किंवा आत जागाच उरली नाही. वाट चकाकण्याऐवजी पॉलिश पेपरने घासल्यासारखी मंद राखाडी झाली असेल तर धूळ, आणि ती बहुतेक एअर फिल्टरमधून. सगळ्यात खाली राहणाऱ्या दोन-तीन छर्र्यांजवळ गंजाचे ठिपके, तेही छर्र्यांच्याच अंतरावर, म्हणजे गाडी पावसाळाभर उभी होती.

शेवटी बाहेरच्या रिंगची पाठ. तिथे आरशासारखी चकाकी किंवा लालसर भुकटी असेल तर रिंग घरात फिरत होती. वारंवार जाणाऱ्या बेअरिंगांमध्ये हा दोष फार सापडतो, आणि फार कमी जण तिकडे बघतात.

कुठलं बेअरिंग?

नंबर गाडीगणिक वेगळा असतो, डाव्या-उजव्या बाजूचाही वेगळा असू शकतो. जुन्यावरचा नंबर कंपनीच्या पार्ट बुकाशी ताडून घ्या, कारण आधीच्या मेकॅनिकने काय टाकलं होतं याचा भरवसा नाही. मापं नंबरातच असतात: ६२०५ म्हणजे आत २५, बाहेर ५२, रुंदी १५ मिमी, ६३०४ म्हणजे २०, ५२ आणि १५. खरा घोटाळा नंबराच्या मागच्या अक्षरांत होतो.

सी३ म्हणजे छर्रे आणि रिंगा यांच्यात नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. २५ मिमी आतल्या व्यासाच्या साध्या बेअरिंगमध्ये ही मोकळीक ५ ते २० मायक्रॉन असते, सी३ मध्ये १३ ते २८, सी४ मध्ये २३ ते ४१. हे बारीक आकडे टू-स्ट्रोकमध्ये मोठे ठरतात. बेअरिंग क्रँकवर दाबून बसलं की आतली रिंग फुगते, घरात दाबून बसलं की बाहेरची आवळते, आणि चालू इंजिनात आतली रिंग बाहेरचीपेक्षा जास्त तापते. साध्या बेअरिंगची ही थोडकी जागा यातच संपते, मग छर्रे चेपून फिरतात आणि रिंग निळी पडते. दुकानदार "तोच नंबर आहे, घेऊन जा" म्हणून साधं ६२०५ देतो. पंपाच्या मोटरीला ते उत्तम, क्रँकला नाही. कंपनीने सी३ सांगितलंय की सी४ ते बघून तेच घ्या. आणखी मोकळं घेतलं म्हणजे आणखी टिकेल असंही नसतं, जास्त मोकळीक म्हणजे सीलवर जास्त डगमग.

झेडझेड किंवा २आरएस, म्हणजे पत्र्याचं किंवा रबराचं झाकण असलेलं बेअरिंग क्रँकला लावायचं नाही. इथे ऑइल पेट्रोलबरोबर येतं, ते आत पोचायला दोन्ही बाजू उघड्या हव्यात. रोलर बेअरिंग असलेल्या इंजिनात रिंगची कड कुठल्या बाजूला होती याचा काढण्याआधी फोटो घ्या, उलटं बसलं तर क्रँकची आडवी हालचाल अडते.

चेंबर उघडताना होणारं नुकसान

मॅग्नेट, क्लच आणि प्रायमरी गिअरचे नट चेंबर जुळलेलं असतानाच सोडवा. गिअरांच्या दातांत तांब्याचा तुकडा धरला की क्रँक अडतो. पिस्टन अडवायला प्लगच्या भोकातून दोरी कोंबू नका, टू-स्ट्रोकमध्ये ती पोर्टात, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकात, अडकते. मॅग्नेटला त्याचाच आट्याचा पुलर लावायचा. मागून दोन स्क्रूड्रायव्हर अडकवून उचकटलं तर क्रँकला धक्का बसतोच. जुन्या जपानी धाटणीचे क्रॉस स्क्रू साध्या फिलिप्सने डोकं सोडतात, त्यांना योग्य बिट आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर लागतो. पुठ्ठ्यावर चेंबरचा आकार काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते.

दोन अर्धे वेगळे करायला चेंबर पुलर. जुळणीच्या पृष्ठभागात पटाशी घुसवली की तिथून पुढे आयुष्यभर हवा गळते आणि प्रत्येक वेळी सिलिकॉनचा थर वाढत जातो.

बेअरिंग काढायच्या आधी सीलं काढा, मग अख्खा अर्धा भाग ओव्हनमध्ये १०० ते ११० अंशांवर अर्धा तास. पाण्याचा थेंब टाकला की तडतडून उडायला हवा. उलटा करून लाकडावर हलकेच आपटला की बेअरिंग स्वतःच्या वजनाने खाली पडतं. गॅस बत्तीने एकाच जागी ताव दिला तर ॲल्युमिनियम वाकतं आणि घर अंडाकृती होतं. ओव्हन नसेल तर तव्यावर झाकून तापवा, पण सगळीकडून सारखं. घरातला तवा असेल तर आधी रॉकेलचा वास पुरता घालवा, नाहीतर संध्याकाळी प्रकरण वाढेल.

घराचं माप: इथेच उत्तर असतं

ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ५२ मिमीचं घर आणि त्यातलं बेअरिंग दोन्ही खोलीच्या तापमानापेक्षा ६० अंशांनी वर गेली की घर बेअरिंगपेक्षा सुमारे ०.०३ मिमी जास्त वाढतं. थंड असताना जी पकड ०.०३ होती ती गरम इंजिनात शून्यावर येते. म्हणून थंड गाडीत सगळं घट्ट लागतं आणि तापल्यावर रिंग फिरायला लागते.

५२ मिमी बेअरिंगची बाहेरची रिंग ५२.००० पासून ५१.९८७ पर्यंत असते. त्याला घर साधारण ५१.९६ ते ५१.९८ असावं. बोअर गेजने (भोकाचा व्यास मोजायच्या साधनाने) घराच्या तोंडाशी आणि तळाशी, दोन-दोन दिशांना मापा, एकच आकडा पुरत नाही. घर बहुतेक वेळा तोंडाशी जास्त झिजलेलं असतं. बोअर गेज नसेल तर दोन घरगुती परीक्षा आहेत. थंड, कोरड्या, स्वच्छ घरात नवं बेअरिंग अंगठ्याच्या दाबाने जाता कामा नये. आणि बेअरिंग बसवलेला अर्धा भाग ८० अंशांना पंधरा मिनिटं ठेवून, हातमोजा घालून बाहेरची रिंग बोटांनी फिरवायचा प्रयत्न करा. फिरली तर ट्रॅकवरही फिरणार.

सैल घराला गावोगाव एकच इलाज चालतो, पंच मारणे. घरात गोल वीस-पंचवीस टोचे मारले की बेअरिंग घट्ट बसतं खरं. पण ते त्या टोच्यांच्या कडांवर बसलेलं असतं. काही तासांत त्या कडा चपट्या होतात आणि घर आधीपेक्षा मोठं झालेलं असतं, शिवाय मधोमध बसण्याची खात्री गेली. एकाच चेंबरमध्ये तिसऱ्यांदा पंच मारलेला दिसला तर पुढे बेअरिंगावर पैसे घालू नका.

सैलपणा ०.०२-०.०३ मिमीपर्यंत असेल तर लॉकटाइट ६४१ सारखं बेअरिंग पकडणारं रसायन काम देतं. घर आणि रिंग दोन्ही ॲसिटोनने पुसून, पातळ थर, ऑइलच्या भोकापासून दूर, आणि पूर्ण चोवीस तास हात लावायचा नाही. त्याहून सैल असेल तर लेथ. स्लीव्ह (घरात बसवायची नवी नळी) घालताना दोन्ही अर्धे डॉवेल पिनांसकट (दोन अर्धे जुळवणाऱ्या पिनांसकट) एकत्र बोल्ट करून, एकाच सेटिंगमध्ये दोन्ही घरं बोअर करून घ्या. एक अर्धा आज आणि दुसरा उद्या असं केलं तर घरं एका रेषेत येत नाहीत आणि तोच तिरका पट्टा परत दिसतो. पोलादी स्लीव्ह बेअरिंगला छान धरते, पण गरम चेंबरमध्ये स्वतःच सैल होऊ शकते. तिला जास्त पकड आणि आतल्या बाजूला कॉलर लागते. कडक ॲल्युमिनियमची स्लीव्ह चेंबरबरोबर वाढते, लहान इंजिनात ती बरी. लेथवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगा: स्लीव्ह बसल्यावर ऑइलचं भोक पुन्हा पाडायचं आहे. तो विसरतो.

हे भोक म्हणजे बेअरिंगच्या वर चेंबरमध्ये असलेली बारीक वाट. त्यातून ऑइलमिश्रित पेट्रोल बेअरिंग आणि सील यांच्या मधल्या जागेत उतरतं. चेंबर जोडताना हात सोडून सिलिकॉन लावलं की जास्तीचं आत पिळतं आणि नेमकं इथे अडकतं. बेअरिंग कोरडं पडून निळं झालंय, मिक्सिंग (पेट्रोलमधलं ऑइलचं प्रमाण) तर बरोबर होतं, असं कोडं असेल तर आधी ही वाट बघा. एक-दीड मिमीची तार घाला किंवा सिरिंजने रॉकेल सोडा, ते बेअरिंगच्या मागे टपकलं पाहिजे.

क्रँक

रॉड किट बदलली म्हणजे क्रँक दाबून उघडला आणि दाबून जोडला गेला. तो आपोआप सरळ येत नाही. व्ही-ब्लॉकवर किंवा लेथच्या सेंटरमध्ये धरून, बेअरिंग बसतं त्या जागी दोन्ही टोकांना डायल गेज लावा. पूर्ण फेरीत सुई ०.०३ मिमीपेक्षा जास्त हलली तर ट्रू, म्हणजे सरळ, करून घ्या; मातीत उडवायची गाडी असेल तर ०.०२ च्या आत आणायचा हट्ट धरा. "डोळ्यांनी बघितलं, सरळ आहे" हे उत्तर घेऊ नका. ०.०५ डोळ्यांना दिसत नाही आणि बेअरिंग मात्र मारतं.

दोन्ही टोकांची सुई एकाच वेळी एकाच दिशेने जाते की उलट, यावरून क्रँकच्या दोन चकत्या पिनवर पिळल्या आहेत की एका बाजूला फाकल्या-मिटल्या आहेत हे ठरतं. पिळलेल्याला तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोड्याचा ठोका, मिटलेल्याला पाचर, फाकलेल्याला वाइस. क्रँकची एकूण रुंदीही पुस्तकातल्या आकड्याशी ताडून घ्या. बेअरिंग बसतं तिथला व्यास मायक्रोमीटरने मापा. २५ चा शाफ्ट २५.०० च्या खाली गेला असेल आणि त्यावर निळसर चट्टे असतील तर आतली रिंग शाफ्टवर फिरत होती.

बसवणं: हातोड्याविना

बेअरिंगं प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. धुतलेला चेंबरचा अर्धा भाग ११० अंशांवर अर्धा तास तापवा. ५२ मिमीचं घर ८० अंश चढलं की जवळजवळ ०.१ मिमी मोठं होतं, म्हणजे पकडीच्या तिप्पट जागा मिळते. आता बेअरिंग नंबरची बाजू आपल्याकडे ठेवून सरळ सोडा. 'टण्' असा भरीव आवाज येऊन ते तळाच्या पायरीवर बसलं पाहिजे. हातात पाच-सात सेकंदच असतात. वाकडं अडकलं तर ठोकू नका, परत ओव्हनमध्ये टाका, ते स्वतः सुटेल.

बसल्यावर लगेच हात काढू नका. बाहेरच्या रिंगच्या मापाची जुनी रिंग वर ठेवून मिनिटभर दाबून धरा. घर थंड होताना बेअरिंगला किंचित वर उचलतं, आणि ते ०.१ मिमी वर राहिलं तर पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. कारण असं: अशा बेअरिंगमध्ये आडवी मोकळीक उभ्या मोकळीकीच्या साधारण आठ-दहा पट असते, सी३ मध्ये दीड-दोन दशांश मिमी. त्यातली ०.१ आधीच गेली, वर क्रँक पूर्ण आत ओढला गेला नाही, की छर्रे कडेला चेपून फिरतात. जिथे दोन अर्ध्यांमध्ये कागदी पॅकिंग असतं तिथे ते काढून नुसतं सिलिकॉन लावलं तरी हेच होतं, पॅकिंगच्या जाडीएवढा क्रँक चेपला जातो.

आता क्रँक. तोही फ्रीझरमध्ये. बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये सैल बसेल असा पोलादाचा तुकडा चांगला तापवून ठेवा आणि रिंग ११० अंशांच्या आसपास येऊ द्या. २५ मिमी भोक ८० अंशांना ०.०२४ ने मोठं होतं, क्रँकचा शाफ्ट फ्रीझरमध्ये ०.०१४ ने लहान होतो. मिळून जवळजवळ ०.०४ मिमी, इतक्यात क्रँक हाताने आत सरकतो. नाही सरकला तर आट्याला लावायचा क्रँक इन्स्टॉलर वापरून ओढा. दुसऱ्या बाजूचा अर्धा चेंबरचे स्क्रू आवळून खाली खेचायची पद्धत सगळीकडे दिसते. तीच दोन्ही बेअरिंगांना आडवा ताण देते आणि वर स्क्रूचे आटेही ओढते.

चेंबर जोडल्यावर ६ मिमीचे स्क्रू समोरासमोर, दोन टप्प्यांत, ८ ते १० न्यूटन-मीटरला आवळा. दर दोन स्क्रूंनंतर क्रँक बोटांनी फिरवत राहा, कुठे जड झाला ते तिथेच कळेल. पूर्ण आवळल्यावर जड लागला तर क्रँकच्या दोन्ही टोकांवर नायलॉनच्या हातोड्याने अक्षाच्या रेषेत एकेक ठोका द्या. आडवा ताण सुटून क्रँक एकदम मोकळा होतो, हाताला हा फरक स्पष्ट कळतो. त्यानंतरही जड असेल तर उघडा. "चालवून मोकळा होईल" असं क्रँकच्या बाबतीत कधी होत नाही.

गिअरबॉक्सची बेअरिंगं याच वेळी हाताने फिरवून बघा. खरखर लागली तर बदला, नाहीतर राहू द्या. एका बाजूने बंद घरातली बेअरिंगं ओव्हनच्या उष्णतेने आपोआप पडतात, त्यांना पुलर लावून घर कोरू नका.

गळती तपासायची

सिलिंडर बसल्यावर एक्झॉस्ट आणि इनटेक रबर लावून बंद करा, आणि प्लगच्या भोकातून ०.४ बार हवा भरा. यासाठी जुन्या बीपी मशीनचा फुगा आणि काटा उत्तम. ३०० वर काटा आला म्हणजे ०.४ बार. त्याहून जास्त भरू नका, सील उलटतं. काटा पाच-सहा मिनिटं जवळजवळ तिथेच राहिला पाहिजे. उतरला तर मॅग्नेटच्या बाजूच्या सीलवर, चेंबरच्या जोडावर आणि सिलिंडरच्या बुडाशी साबणाचं पाणी लावा, बुडबुडा जागा दाखवतो.

ऑइल आणि पावसाळा

ट्रॅकसाठी ऑइल पंप काढून टाकला असेल तर सगळं वंगण टाकीतूनच येतं. १:३२ म्हणजे ५ लिटरला साधारण १५५ मिली, तेही मोजपात्राने. बाटलीच्या झाकणाने नव्हे. जेएएसओ एफडी (टू-स्ट्रोक ऑइलची जपानी श्रेणी) दर्जाचं ऑइल घ्या. पंप काढलेल्या गाडीत थ्रॉटल बंद करून लांब उतारावर इंजिन ब्रेक लावला की आरपीएम वर आणि ऑइल जवळजवळ बंद. मध्ये मध्ये क्लच दाबून थ्रॉटल द्या. टायमिंग (ठिणगीची वेळ) फार पुढे घेतलं किंवा हेड घासून फार उतरवलं आणि लोडवर टिकटिक यायला लागली तर तो प्रत्येक ठोका पिस्टनवरून थेट याच बेअरिंगांवर जातो.

फोम फिल्टर दर ट्रॅकनंतर धुवा, वाळवा, फिल्टर ऑइल लावून पिळा, आणि बसण्याच्या कडेला ग्रीसची पातळ रेघ द्या. कडेवर ग्रीस नसेल तर धूळ फोममधून न जाता बाजूने जाते. प्रेशर वॉशरचा फवारा एअरबॉक्सवर आणि मॅग्नेटच्या कव्हरवर धरू नका.

जून ते सप्टेंबर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामं करा. ई२० पेट्रोलमधलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, ते चेंबरच्या तळाशी बसतं आणि खालच्या छर्र्यांना लागतं. प्लगच्या भोकातून ८-१० मिली टू-स्ट्रोक ऑइल सोडा, किक हळू वीसेक वेळा फिरवा, पिस्टन पोर्ट झाकेल असा थांबवा, एक्झॉस्टच्या तोंडात चिंधी कोंबा आणि हँडलला तसा कागद बांधून ठेवा. दर पंधरा दिवसांनी दोन किक मारल्या की छर्रे जागा बदलतात. आणि दसऱ्याला गाडी बाहेर काढताना आधी चिंधी काढा, मग किक मारा.